डावीकडची मऊ, उजवीकडची कडक

चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात बाईंची निम्मी हयात गेली होती. आतल्या अंधाऱ्या खोलीत समोरच्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एकामागून एक भिंगं बदलायची आणि विचारत राहायचं, "पहिलं बरं की दुसरं? आता? आणि आता?" लोक गोंधळायचे, वैतागायचे, पण शेवटी काहीतरी एक सांगायचे. काहीच न सांगणारं माणूस बाईंना आयुष्यात एकच भेटलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी त्याच्याशीच लग्न केलं.

ते लिफ्ट दुरुस्त करायचे. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींत लहानथोर त्यांना लिफ्टकाका म्हणत. अंगाने काटकुळे, हातांना कायम ग्रीसचा वास, आणि स्वभावाने इतके भिडस्त की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच विचारतील, "तुम्हाला लागलं नाही ना?" पहिल्यांदा नंबर काढायला आले तेव्हा बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, "दोन्ही छान आहेत हो."

"दोन्ही कसे छान असतील? एक निवडा."

"तुम्हाला कुठलं सोयीचं पडेल?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि अंदाजाने नंबर काढून दिला. आठवड्याने काका परत हजर. चष्मा कसा आहे विचारलं तर म्हणाले, उत्तम. मग आलात कशाला? तर खाली बघून म्हणाले, "जिन्याची पायरी जरा वर आल्यासारखी दिसते. पण ते काय, सवयीने जाईल." असं दोन-तीनदा झालं. खरा नंबर सापडेपर्यंत दोघांची इतकी ओळख झाली होती की नंबर सापडल्याचं दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

बाईंचे पहिले यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून दोन रस्ते सोडून राहायचे. काकांचं लग्नच झालेलं नव्हतं. आईच्या आजारपणात ते राहून गेलं, ते गेलंच. नोंदणी कार्यालयात जाऊन दोघांनी सह्या केल्या, मुलाने फोटो काढले, सुनेने डोळे टिपले, आणि काका एक सुटकेस, हत्यारांची पिशवी आणि पाटीसारखी चपटी उशी घेऊन बाईंच्या घरी राहायला आले.

संसार छान सुरू झाला. म्हणजे जरा जास्तच छान. दोघंही एकमेकांना "तुम्ही" म्हणायचे. काका तर बायकोला "बाई"च म्हणायचे, दुकानात म्हणायचे तसेच. चहात साखर कमी पडली तरी "वा", जास्त पडली तरी "वा". खिडकी उघडी ठेवू का बंद? "तुम्हाला बरं वाटेल तसं." बाईंना सुरुवातीला याचं फार कौतुक वाटलं, कारण त्यांचे पहिले यजमान बेकरी चालवायचे आणि भट्टीच्या गडगडाटावरून बोलायची सवय असल्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. शिवाय घरात आता "हे" दोन झाले होते. "हे म्हणायचे ना" असं बाईंनी म्हटलं की आधीचे हे, आणि "हे म्हणतात" असं म्हटलं की आताचे हे. मुलाला ते बरोबर कळायचं. सून मात्र दरवेळी विचारायची, "कोणते हे, आई?"

पण हळूहळू बाईंच्या लक्षात यायला लागलं की काकांचं काहीतरी बिनसलंय. सकाळी उठले की भिंतीला धरून उभे राहायचे. मग शिंका सुरू व्हायच्या, एकापाठोपाठ एक, शेजारच्यांनी रेडिओ बंद करून ऐकाव्यात अशा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "छान झोप लागली."

एका रविवारी दुपारी बाई सुनेकडून ठरल्यापेक्षा लवकर घरी आल्या. दार उघडून आत येतात तर काका स्वयंपाकघराच्या लादीवर, हत्यारांची पिशवी उशाला घेऊन, गाढ झोपलेले. दिवस थंडीचे.

"अहो! हे काय? चक्कर आली का?"

काका धडपडून उठून बसले. गालावर पिशवीच्या चेनचा वळ उमटला होता. "नाही, नाही. लादी गार असते ना. बरं वाटतं."

"या थंडीत?"

काकांनी खूप वेळ मिशी चाचपली. बाई पर्स तशीच काखेत धरून त्यांच्यासमोर लादीवर बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. नंबर काढतानाही असंच करायच्या, गप्प बसलं की माणूस बोलतो. अखेर काका हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पलंगावर उजव्या बाजूला मी झोपायला जातो खरा, पण तिथे आधीच कोणीतरी झोपलेलं असतं."

बाईंना क्षणभर काही उमगेना. मग एकदम उमगलं. बेकरीवाले अंगाने दांडगे होते. इतकी वर्षं त्या बाजूला झोपून त्यांनी गादीत त्यांच्या मापाचा खड्डा करून ठेवला होता, खांद्यापाशी रुंद, कमरेपाशी खोल. काका त्यात रोज रात्री विहिरीत पडल्यासारखे पडत होते आणि सकाळी भिंत धरून वर येत होते.

आधी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काकांचा तो वळ उमटलेला गाल दिसला आणि त्यांना हसू फुटलं. दोन्ही एकदम. काका घाबरून पाणी आणायला धावले, आणि पाठीत उसण भरल्यामुळे तिथेच वाकून उभे राहिले.

"नवी गादी घ्यायची," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "कुठली हवी?"

"तुम्हाला आवडेल ती," काका वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले.

ही गोष्ट मुलाच्या कानावर गेली आणि त्याने आईला विचारायच्या आत गादी मागवून टाकली. लग्नात काही दिलं नव्हतं, ही माझ्याकडून भेट, म्हणाला. एका उभ्या खोक्यात, गुंडाळून, हवा काढून ठेवलेली. खोक्यावर हिरवं पान आणि "निसर्गाच्या कुशीत" असं ठसठशीत छापलेलं. मुलाने ब्लेडने प्लॅस्टिक कापलं मात्र, गादीने दीर्घ श्वास घेतला आणि ती खोलीभर फुगत गेली. तिच्याबरोबर वासही फुगला. नुकतंच रंगवलेलं कपाट आणि टायरचं दुकान एकत्र केलं तर येईल तसा.

"एक-दोन दिवसांत जाईल," मुलगा म्हणाला. "शिवाय महिनाभर झोपून बघायची, नाही आवडली तर परत घेतात."

वास गेला नाही. निदान त्या घरात तरी गेला नाही. खिडक्या सताड उघड्या टाकून दोघं कुडकुडत झोपायचे. काकांच्या शिंका वाढल्या, बाईंचे डोळे चुरचुरायला लागले. शिवाय ती गादी तापायची. आडवं झालं की ती माणसाला हळूहळू गिळायची आणि मग कूस बदलायला सोडायची नाही. बाईंनी कोपऱ्यातलं लेबल वर करून, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, वाचलं. निसर्ग होता तो वरच्या खोळीतल्या चिमूटभर सुतापुरता. आत सगळा फोम.

"परत द्यायची का?" बाईंनी विचारलं.

"मुलाला काय वाटेल? इतक्या प्रेमाने दिलीये," काका म्हणाले आणि शिंकले.

"अहो, पण तुम्हाला कशी वाटते?"

"तशी... मोठी आहे."

शेवटी बाईंनीच मुलाला सांगितलं. मुलगा बिचारा समजूतदार, लगेच परत द्यायची व्यवस्था केली. पण फुगलेली गादी परत खोक्यात जाईना. मुलगा तिच्यावर बसला, काका बसले, खालचा वॉचमन बोलावला तोही बसला. एकीकडून दाबली की दुसरीकडून उठायची. अखेर तिची कशीबशी घडी घालून दोरीने करकचून बांधली. मुलगा टेम्पोवाल्याला थांबवून ठेवायला जिन्याने खाली धावला, आणि काका-बाई गादी घेऊन लिफ्टमध्ये शिरले. आधी काका, मग गादी, मग पोट आत घेऊन बाई.

दार बंद झालं, लिफ्ट निघाली, आणि दोरीची गाठ सुटली.

गादीने पुन्हा तो दीर्घ श्वास घेतला. काका मागच्या भिंतीला चिकटले, बाई दाराला. मधे गादी, जमिनीपासून छतापर्यंत. तिचा एक कोपरा बटणांच्या पट्टीवर जाऊन बसला, काहीतरी खट्कन दाबलं गेलं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली.

"अहो," बाई म्हणाल्या.

"आहे मी," गादीपलीकडून दबका आवाज आला. "लाल बटण दाबलं गेलंय, बाई. काळजीचं काही नाही. आपल्याला जमत असेल तर, म्हणजे हात पोचत असेल तर, ते जरा बाहेर ओढून बघता का? त्रास होत नसेल तर."

बाईंनी गादी आणि भिंत यांच्या फटीत हात घातला. हाताला बटणं लागली, पण दिसत काहीच नव्हतं. एक ओढलं, ते ओढलं जाईना म्हणून दाबलं. घणघण घंटा वाजायला लागली.

"ते नव्हे, बाई. कृपया, त्याच्या जरा..."

घंटा जास्तच जोरात.

"अगं ते नाही! वरचं! त्याच्या वरचं ओढ गं!"

घंटा बंद झाली. बाईंनी हात काढला होता. खाली टेम्पोचं इंजिन ऐकू येत होतं.

"माफ करा," गादी म्हणाली. "तोंडातून निघून गेलं."

"परत म्हणा."

"काय?"

"तेच. अगं."

बाईंच्या मनात आलं, हा माणूस समोर असला की माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलतो. चेहरा दिसत नाहीये तोवरच विचारून घ्यावं. त्यांनी पुन्हा फटीत हात घातला, वरचं बटण सापडलं, बोटांत धरलं. पण ओढलं नाही.

"मी बटण धरलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गादी कशी हवी ते खरं खरं सांगितल्याशिवाय मी ते ओढणार नाही. माझं तोंड तुम्हाला दिसत नाहीये. सांगा."

"बाई, खाली टेम्पो..."

"थांबेल."

फोमच्या एवढ्या जाडीतून गाळून आल्यासारखा, एकच शब्द आला. "कडक."

"आणि?"

"फळीसारखी कडक. आणि तापणारी नको. आणि वास नको. हा वास माझ्या नाकात महिनाभर बसणार आहे, मी सांगतो. आणि..." काकांना आता उतार लागला होता, "उशी माझी मला बरी आहे. ती तुझी गुबगुबीत उशी डोक्याखाली घेतली की मान छताकडे बघते. आणि ती जांभळी चादर अंगाला टोचते, सरकते, आणि अंधारात चरचरते."

"ती चादर मी खास तुमच्यासाठी आणली होती."

"माहितीये. म्हणून तर."

बाईंना हसू आवरेना, पण गादीमुळे हसायलाही जागा नव्हती. "मला मऊ हवी," त्या म्हणाल्या. "दिवसभर स्टुलावर बसून कंबर मोडते माझी. अंग टाकलं की आत जायला हवं."

"मग कसं व्हायचं आपलं?"

"बघू. आणखी काही?"

मग काका हळू म्हणाले, "ती जुनी. ती टाका असं म्हणायला जीभ उचलत नव्हती माझी. ती त्यांची जागा आहे. मी मागाहून आलेला."

बाईंनी गादीला कपाळ टेकलं. वास होता, पण असू दे. "ऐका," त्या म्हणाल्या. "ह्यांना जर कळलं असतं ना, की आपल्या खड्ड्यापायी कुणाची पाठ गेली, तर ह्यांनी स्वतः ती गादी डोक्यावर घेऊन खाली नेली असती. वर जिन्यात सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं."

"कोणते हे?" काकांनी विचारलं, आणि दोघंही हसत सुटले. गादी मधल्या मधे गदगदायला लागली.

तेवढ्यात बाहेरून मुलाचा घाबरलेला आवाज आला. "आई! अडकलात का? घाबरू नकोस! वॉचमन किल्ली आणतोय!"

"अरे आम्ही बोलतोय!" बाई ओरडल्या. "जरा थांब!"

मग त्यांनी सावकाश बटण ओढलं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दोघं गादीच्या दुकानांच्या मागे लागले. पहिल्या दोन ठिकाणी बाईंना एकच गोष्ट शिकायला मिळाली. हिरवं पान कुणीही छापू शकतं. "आत काय आहे ते उघडून दाखवता का?" असं विचारलं की विक्रेता खोळीच्या नक्षीबद्दल बोलायला लागायचा. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, की तुम्हाला हवंय ते माझ्याकडे नाही, आणि त्याने गोदामांच्या रस्त्यावरच्या एका बाईचा पत्ता दिला, जी गाद्या स्वतः बनवते.

ती गादीवाली उंचीपुरी, बोलायला मोकळी, आणि तिच्या केसांत कापसाचे धागे अडकलेले. लांबलचक शेड, मधोमध मोठं टेबल, आणि भिंतीला लागून उघड्या तोंडाच्या गोण्या. तिने काही सांगण्याआधी दोघांचे हातच गोण्यांत घालायला लावले. एकात नारळाचा काथ्या, चरबरीत आणि कडक. एकात सेंद्रिय कापूस, ज्याच्या शेतात औषध फवारलेलं नाही, त्याचा दाखला तिने न मागता समोर ठेवला. एकात लोकर. टेबलावर रबराच्या झाडाच्या चिकापासून बनवलेले जाड थर, दाबले की सावकाश वर येणारे.

"निसर्गाचं आहे म्हणजे सगळ्यांना मानवतंच असं नाही हं," गादीवाली म्हणाली. "कापूस बसतो, त्याला ऊन दाखवावं लागतं. काथ्या कडकच राहणार. चिकाचा थर कुणाकुणाला सोसत नाही, आधी बघून घ्यावं लागतं. तुम्हाला रबराच्या हातमोज्यांनी कधी पुरळ येतं का?"

"कामात रोज घालतो," काका म्हणाले. "कधी नाही."

"तरी आज तुकडे घेऊन जा. उशीच्या अभ्र्यात घालून झोपा त्यावर. शिंका आल्या तर मला कळवा, मग दुसरं बघू."

काकांनी लोकरीची मूठ नाकाशी नेली. बाई श्वास रोखून बघत होत्या. आता हे "वा" म्हणणार.

"वास येतो," काका म्हणाले. "भिजलेल्या मेंढीचा."

"येतो," गादीवाली म्हणाली. "ऊन दिलं की जातो. नाही गेला तर लोकर घालू नका."

बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी गादीवालीचा हातच दाबला. तिला कारण कळलं नाही.

तुकड्यांवर आठवडाभर झोपून झालं. ऊन दिल्यावर मेंढी निघून गेली आणि शिंका आल्या नाहीत, म्हणजे सकाळी एखादी यायची, पण ती माणसासारखी. मग दोघं परत शेडमध्ये गेले, या वेळी आडवं होऊन बघायला. गादीवालीने चपला काढायला लावल्या आणि म्हणाली, "पाहुण्यासारखं टोकावर बसू नका. घरी झोपता तसं झोपा. कूस बदला, पाय पसरा, गप्पा मारा. मी तिकडे टाके घालत बसते, माझ्याकडे बघू नका."

भर दिवसा, परक्या जागी, रस्त्यावरून ट्रक जात असताना, दोघं शेजारी शेजारी पडले. काकांचे मोजे भोकं पडलेले होते, ते त्यांनी एकावर एक पाय ठेवून झाकले. पहिली गादी मऊ होती. बाईंनी अंग टाकलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप सुस्कारा निघाला. दुसरी कडक. बाईंना वाटलं, आपण दुकानाच्या काउंटरवरच आडव्या झालोय.

"हं," छताकडे बघत बाईंनी विचारलं, "पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं," काका एका दमात म्हणाले. "दुसरंच. पहिलं अगदीच वाईट आहे."

पलीकडे टाके घालणारी सुई थांबली. "ती माझी सगळ्यात जास्त खपणारी आहे," गादीवाली म्हणाली.

"असेल," काका म्हणाले. "पण वाईट आहे." मग स्वतःच्याच धिटाईने दचकून उठून बसले. "म्हणजे माझ्यासाठी. ह्यांना आवडली असेल."

"मला फार आवडली," बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या. "मी इथून उठत नाही."

गादीवालीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि सुई बाजूला ठेवली. "भांडताय की हसताय?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच करतोय, जरा करू द्या."

तिने टेबलावर खडूने आखून दाखवलं. डावीकडे चिकाचा जाड, मऊ थर; उजवीकडे खाली काथ्या आणि वर चिकाचा बोटभर जाडीचा थर. दोन्ही वेगळे करायचे, शेजारी ठेवायचे, आणि वरून दोघांना मिळून लोकरीचा एकच थर आणि सुती खोळ.

"मधे फट राहील का?" काकांनी विचारलं. विचारताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "फट नको."

"राहणार नाही," गादीवाली म्हणाली. हसू लपवायला तिने तोंड फिरवलं. "वरचा थर एकच आहे ना."

चादरीच्या बाबतीत पुन्हा वाद झाला, आणि तो चांगलाच रंगला. बाईंना रंग हवा, काकांना अंगाला न टोचणारी हवी. अखेर धुऊन मऊ केलेल्या, बिनरंगाच्या सुती चादरींवर तह झाला, आणि रंग पांघरुणावर घ्यायचा ठरला. काकांची चपटी उशी तशीच राहिली. नुसता नवा अभ्रा चढला.

फोमची गेल्यावर जुनीच गादी पुन्हा पलंगावर आली होती; नवी यायच्या दिवशी सकाळी ती न्यायला माणसं येणार होती. काका हत्यारं शोधत खोलीत आले तर बाई उजव्या बाजूला, त्या खड्ड्यात, कुशीवर पडलेल्या. चष्मा काढून हातात धरलेला. झोपलेल्या नव्हत्या. काकांनी हत्यारांचं नाव काढलं नाही. "मी जरा भाजी घेऊन येतो," एवढंच म्हणाले. भाजी घ्यायला त्यांना त्या दिवशी भलताच वेळ लागला, आणि परत आले ते भाजी विसरूनच आले. तोवर बाईंनी पलंगपोस काढून घडी घातली होती, गादी दाराशी उभी करून ठेवली होती आणि चहा टाकला होता.

"न्यायला येतील आता," त्या म्हणाल्या. चेहरा मोकळा होता. "चहा घे. तुझा वेगळा केलाय, साखर कमी."

"तू" हे असं कपबशीतून आलं. काकांनी ते चहाबरोबर घेतलं आणि पहिल्यांदाच "वा" न म्हणता म्हणाले, "अजून थोडी कमी चालेल."

त्यानंतर काका सुटलेच. लग्नापासून गिळलेलं एकेक बाहेर यायला लागलं. पडद्याचा रंग उदास आहे. दाराची घंटा कर्कश आहे, मी बदलतो. तुझा भाऊ फोनवर फार वेळ घेतो. सुनेने केलेला केक कोरडा होता, आणि हे त्यांनी सुनेसमोरच सांगितलं. सून गार झाली, मग म्हणाली, "काका, तुम्हीच पहिले खरं बोललात. मुलगा तुमचा दोन वर्षं गिळतोय." दुकानात बाईंनी सहकारिणीला सांगितलं, "आमचे हे बोलायला लागले." ती म्हणाली, "मग आता?" बाई म्हणाल्या, "आता काय, गप्प बसवायचं यंत्र शोधतेय." पण हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुललेला होता की सहकारिणीने विषय वाढवला नाही.

दोघांनाही सकाळी आपण कुठे आहोत हे आठवायला क्षणभर लागावं, अशी झोप लागायला लागली. काका भिंत सोडून चालायला लागले. बाईंची कंबर तक्रार करायची राहिली. आठवड्यातून एकदा दोघं मिळून गादी खिडकीपाशी उभी करायचे आणि तिला ऊन द्यायचे. गादी कुठल्या बाजूने उचलायची यावरून दर वेळी तेवढंच भांडायचे.

एका रविवारी ऊन पार पायांपर्यंत आलं होतं तेव्हा दाराची घंटा वाजली. नवी घंटा, गोड आवाजाची. मुलगा आणि सून जेवायला यायचे होते.

बाईंनी डोळे न उघडता विचारलं, "वाजली का रे?"

"वाजली."

"उठतोस?"

काकांनी कूस बदलली, पांघरूण कानापर्यंत ओढलं आणि अगदी स्पष्ट सांगितलं, "नाही. मला उठावंसं वाटत नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

घंटा पुन्हा वाजली. मग दाराबाहेरून सुनेचा आवाज आला, "अहो, राहू द्या, झोपू द्या त्यांना. तोवर आपण पाव घेऊन येऊ." पावलं जिन्याकडे गेली. बाईंनी हात उजवीकडे टाकला, तो काकांच्या दंडावर पडला, आणि त्या परत झोपून गेल्या.